छायाशुक आणि इतर उत्तरे

भिंतीवरच्या कॅलेंडरात वर्षातून काही वेळा एक गंमत छापून येते. बुधवारच्या चौकटीत स्मार्त एकादशी आणि गुरुवारच्या चौकटीत भागवत एकादशी. चंद्र एकच, तिथी एकच, उपास मात्र दोन. सूर्योदयाआधीच्या चार घटकांत, म्हणजे शहाण्णव मिनिटांत, दशमी रेंगाळत राहिली असेल तर वैष्णव म्हणतात, हिला दशमीचा वेध लागला, आम्ही उद्या धरू. स्मार्तांना सूर्योदयाला एकादशी दिसली की पुरे. यावरून कधी मारामारी झाल्याचं ऐकिवात नाही. आमच्या इमारतीत तर ज्यांना आपला पंथ नक्की माहीत नाही, ते दोन्ही दिवस साबुदाण्याची खिचडी करतात आणि ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण जिवंत ठेवतात.

दोन वचनं एकमेकांशी भांडायला लागली की त्यांना वेगवेगळ्या चौकटींत बसवायचं, हा आपला जुना उद्योग आहे. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी १६१२ साली त्यासाठी ‘निर्णयसिंधु’ लिहिला. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९०च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ रचला. दोन्ही नावांत सिंधु आहे, यावरून निर्णय करायचं पाणी किती खोल होतं याचा अंदाज यावा. एका व्रताबद्दल पाच स्मृतींची पाच मतं सांगायची, कुणालाही खोटं पाडायचं नाही आणि शेवटी जिथे जशी रीत असेल तसं करावं म्हणून सगळ्यांना सुखरूप घरी पाठवायचं! इतका मुत्सद्दीपणा हल्ली राजकारणातही दिसत नाही.

धर्मग्रंथात विरोध सापडला की शंकेखोराला वाटतं, ही चोरी आपणच पहिल्यांदा पकडली. पण न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात वेदांवरचे तीन आरोप ओळीनं मांडलेले आहेत: वेद खोटं बोलतो, स्वतःलाच छेद देतो आणि तेच तेच पुन्हा सांगतो. मांडणारे वेद मानणारेच. विरोधकाचं म्हणणं आधी जोरकस मांडायचं आणि मग उत्तर द्यायचं, ही त्यांची शिस्त. कधी कधी तर विरोधकाचं म्हणणं इतकं झकास उतरतं की उत्तर त्यापुढे अंमळ पडेल वाटतं.

वात्स्यायनाच्या भाष्यातली उदाहरणंच पाहा. मुलगा हवा असेल तर पुत्रेष्टी करावी असं वेद सांगतो. एकानं केली, मुलगा झाला नाही. मग वेद खोटा ना? उत्तर येतं: मुळीच नाही. दोष कर्मात असेल, कर्त्यात असेल किंवा साधनात असेल. मंत्र चुकला असेल, यजमानच धड नसेल, नाहीतर साहित्यात खोट असेल. मिक्सरची वॉरंटी मागायला गेलेल्या माणसाला दुकानदार हेच तर ऐकवतो: यंत्र उत्तम आहे, व्होल्टेज वरखाली झालं असेल, तुम्ही झाकण नीट बसवलं नसेल. आणि भाष्यकार पुढे जे सुचवतो ते तर दुकानदारालाही सुचणार नाही. नुसती इष्टी करून भागत नाही, आईबापांनीही आपलं काम नीट करावं लागतं!

मला याहून आवडतं ते कुत्र्यांचं उदाहरण. सूर्य उगवल्यावर हवन करावं असं एक वचन आहे, उगवण्याआधी करावं असं दुसरं, झुंजूमुंजू होताना करावं असं तिसरं. इथवर ठीक, ज्याला जशी जाग येईल तसं. पण पुढे तिन्हींची निंदाही आहे. उगवल्यावर केलं तर आहुती श्याव नावाचा कुत्रा खातो, आधी केलं तर शबल नावाचा खातो आणि मधल्या वेळेला केलं तर दोघे मिळून खातात. म्हणजे यजमानानं करायचं काय? उत्तर असं की एक वेळ धरून ती मोडणाऱ्याला हा दोष आहे. कुत्री वेळेवर नाहीत, धरसोडीवर सोडलेली आहेत. हे उत्तर पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मनातल्या मनात टाळी दिली. ते खरं असेल नसेल, पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास कुणीतरी त्या दोन कुत्र्यांना इतक्या कुशलतेनं बांधून ठेवलं, याचं कौतुक वाटलं.

अशा ठिकाणी भाविक आणि चिकित्सक यांच्यातला फरक मला श्रद्धेपेक्षा वाचनाच्या सवयीतला वाटतो. दोन वाक्यं जुळली नाहीत की भाविकाला वाटतं, मधली एक गोष्ट सांगायची राहिली आहे. चिकित्सकाला वाटतं, मध्ये दुसऱ्या कुणाचा तरी हात फिरला आहे. पहिला ती गोष्ट शोधायला निघतो, दुसरा तो हात. निम्मी पुराणं पहिल्याच्या या शोधातून जन्मली असावीत असा माझा संशय आहे.

शोध घेऊनही गोष्ट सापडली नाही तर रामबाण आहेच: कल्पभेद. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे एक कल्प, चारशे बत्तीस कोटी वर्षांचा. अशा अनेक कल्पांत तीच कथा थोड्या फरकानं पुन्हा पुन्हा घडते. त्यामुळे या पुराणातला रावण वेगळा, त्या पुराणातला वेगळा. आमच्याकडे गणपतीच्या दोन्ही बाजूंना रिद्धी-सिद्धी उभ्या आणि कार्तिकेय इतका कडक ब्रह्मचारी की बायकांनी दर्शनाला कार्तिकी पौर्णिमेच्या कृत्तिकायोगाची वाट पाहायची. तमिळनाडूत जावं तर थोरला ब्रह्मचारी आणि धाकटा वल्ली-देवसेनेसह सुखानं संसार करतोय. कल्पभेद म्हटलं की दोघा भावांचं मिटतं. आमच्या इमारतीतले आप्पा, बँकेत आयुष्यभर खतावण्या तपासून निवृत्त झालेले, या कल्पभेदावर जाम चिडतात. ताळेबंद जुळला नाही की दुसरी वही काढायची, याला बँकेत वेगळं नाव आहे, असं ते म्हणतात.

पण या सर्वसमर्थ उपायालाही मर्यादा आहेत. हनुमानाचा जन्म नाशिकजवळच्या अंजनेरीला झाला, की हंपीजवळच्या किष्किंधेतल्या अंजनाद्रीवर, की तिरुमलाच्या डोंगरात, हा वाद असाच आहे. तिरुपतीच्या देवस्थानानं २०२१ साली आपला दावा जाहीर केला आणि मे २०२२ मध्ये नाशिकला त्यावर धर्मसभा भरली. तिथे हनुमानाच्या आधी वाद पेटला तो आसनावरून, कोणी कुठे बसायचं यावरून, आणि पुढे प्रकरण माइक उगारण्यापर्यंत गेलं. तीन कल्पांत तीन गावं म्हटलं असतं तर सगळे जेवून घरी गेले असते. पण बसस्टँडपासून डोंगरापर्यंतचा रस्ता एकाच कल्पात मंजूर करून घ्यायचा असतो ना!

सगळ्याच विसंगतींना अशा हसण्यावारी नेता येत नाही, हेही सांगायला हवं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादातून मत्स्य, कच्छ, वराह असे एकेक अवतार घेऊन साध्या शेतकऱ्याच्या व्यवहारज्ञानानं प्रश्न विचारले. आंबेडकरांच्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये, जे त्यांच्या पश्चात १९८७ साली महाराष्ट्र सरकारनं छापलं आणि ज्यावरून रस्त्यावर मोर्चे निघाले, वेद नेमके कुठून आले याची ग्रंथांतलीच एकमेकांशी न जुळणारी उत्तरं शेजारी शेजारी मांडली आहेत. श्याव आणि शबल आहुती खातात तोवर गंमत. ब्रह्मदेवाच्या कुठल्या अवयवातून कोण जन्मला यावरून कुणी विहिरीवर पाणी भरायचं हे ठरायला लागलं की विचारणाऱ्याचा आवाज चढणारच. त्या आवाजाला कल्पभेद सांगणं हा निव्वळ उद्धटपणा आहे.

आप्पांचा आवाज मात्र चढतो तो केवळ हिशेबासाठी. मागच्या वर्षी शेजारच्या मंगल कार्यालयात भागवत सप्ताह होता. आप्पा येणार नव्हते. पण भागवताची मराठी प्रत त्यांनी आठ दिवस आधी वाचून काढली होती, पेन्सिलीनं खुणा करून. माई, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या, दरवर्षी सप्ताहाला जातात आणि पुस्तक कधी उघडत नाहीत, कारण ऐकायला मिळतं ते वाचायचं कशाला. तिसऱ्या दिवशी प्रसादाच्या वेळी आप्पांनी कथा सांगणाऱ्या बुवांना गाठलंच.

त्यांचा प्रश्न साधा होता. महाभारताच्या शांतिपर्वात शरपंजरी पडलेले भीष्म युधिष्ठिराला सांगतात की व्यासपुत्र शुक फार पूर्वी मुक्त होऊन निघून गेला. युद्ध नुकतंच संपलंय, परीक्षिताचा अजून पत्ता नाही. मग हाच शुक साठेक वर्षांनी गंगेच्या काठी येऊन परीक्षिताला भागवत कसं सांगतो?

बुवा जरासुद्धा गडबडले नाहीत. हा प्रश्न त्यांना अनेकदा विचारला गेला असणार. ते म्हणाले, त्याच शांतिपर्वात पुढे वाचा. मुलगा गेल्यावर व्यास शोक करतात, तेव्हा महादेव त्यांना वर देतात की मुलासारखी दिसणारी छाया तुला कायम दिसत राहील. भागवत सांगितलं ते त्या छायाशुकानं. पुराणांत लग्न करून मुलंबाळं झालेला शुक येतो, पीवरी त्याची बायको, तोही हा छायाशुकच.

आप्पा क्षणभर गप्प झाले. वर खराच त्या पर्वात आहे, ते त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी पेन्सिलीची दुसरी खूण काढली. भागवतात पहिल्याच स्कंधात लिहिलंय की शुकाचार्य गृहस्थाच्या दारात गाय दोहून होईपर्यंतच थांबतात, त्याहून जास्त नाही. मग परीक्षितासमोर ते सात दिवस ठाण मांडून कसे बसले?

बुवा उत्तर जुळवत होते तेवढ्यात माई हातातला द्रोण सावरत म्हणाल्या, “अहो आप्पा, गंगेच्या काठी कुठलं आलंय गृहस्थाचं दार? राजानं राज्य सोडलं, अन्न सोडलं, तो कसला आता गृहस्थ?”

बुवांनी हात जोडले. ग्रंथ न उघडता हे सुचलेल्या बाईला आप्पांनीही मनातून मार्क दिले असावेत, कारण त्या दिवसापासून ते आपल्या शंका बुवांकडे न नेता थेट माईंकडे नेतात.

सध्या वाद वस्त्रहरणावर आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याला शिस्त घालून दिली आणि १२५९ हस्तलिखितं ताडून पाहून ते १९६६ साली पुरं झालं. सभापर्व फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडितानं संपादलं. त्यात द्रौपदीनं कृष्णाचा केलेला धावा जुन्या पाठात बसत नाही म्हणून तळटीपेत गेला. ज्यांना वाटत होतं की आता चमत्कार गळेल, त्यांची फजिती झाली. वस्त्रं तशीच निघत राहतात, सभेत ढीग पडतो, दुःशासन दमून, लाजून खाली बसतो. ती कोण पुरवतंय एवढंच लिहिलेलं नाही. करणारा गेला आणि चमत्कार राहिला. कोपरगावहून काशीला जाऊन सतराव्या शतकात देशोदेशीच्या पोथ्या जमवून टीका लिहिणाऱ्या नीलकंठ चतुर्धरांच्या पाठात कृष्ण होता. आपल्या बायकांच्या गोष्टीत तर त्याचं कारणही आहे: कृष्णाच्या कापलेल्या बोटाला द्रौपदीनं पीतांबराची चिंधी बांधली होती, त्याची ती परतफेड. ही गोष्ट महाभारतात कुठे नाही, म्हणजे राहून गेलेली कुणीतरी पुरी केली.

आप्पांनी माईंपुढे तिन्ही कागद ठेवले. सभापर्वाच्या शुद्ध पाठात कृष्णाचं नाव नाही. वनपर्वात तो स्वतः सांगतो की मी शाल्वाशी लढत होतो, द्यूताचं मला कळलंच नाही, असतो तर होऊ दिलं नसतं. आणि उद्योगपर्वात, तेही शुद्ध पाठात, म्हणतो की दूर असलेल्या मला तिनं हाक मारली, ते कर्ज माझ्या मनातून जात नाही.

“बोला आता. साड्या यानं पुरवल्या म्हणता, आणि पंडित म्हणतात मुळात त्याचं नावच नव्हतं.”

“गुप्तदान केलं असेल,” माई म्हणाल्या. “पावतीवर नाव नको म्हणाला असेल.”

“आणि कळलंच नाही म्हणतो ते?”

“दान केलं हे सांगत सुटला तर गुप्त कसलं?”

“मग दान दिलेल्या माणसावर वर कर्ज कसं राहतं? कर्ज तर घेणाऱ्यावर असतं. बँकेत चाळीस वर्षं हेच केलंय मी.”

माईंनी विचार केला. उद्योगपर्वाचा कागद आप्पांच्या हातातून घेतला, चष्मा नसल्यामुळे लांब धरून पाहिला आणि घडी करून कमरेला खोचला.

“उत्तर आहे याचं,” त्या म्हणाल्या. “सापडलं की सांगते.”