बॉर्डरलाइन दाजी

आमच्या दाजींना "काय, कसं काय?" असं चुकूनही विचारू नये. या प्रश्नाला "मजेत" म्हणून पुढे सरकायचं असतं, हे सगळ्या जगाला कळतं. दाजी मात्र थांबतात, चष्मा सारखा करतात आणि आकड्यांत उत्तर देतात. "तसा मी ठणठणीत आहे रे," ही सुरुवात. मग आवंढा. "फक्त एचबीएवनसी ५.९ आलंय. बॉर्डरलाइन."

हा त्यांचा लाडका शब्द. साखर बॉर्डरलाइन, कोलेस्टेरॉल बॉर्डरलाइन, थायरॉइड तर सहा वर्षं बॉर्डरवर बंदूक रोखून उभं. पुढे हा शब्द रक्तातून बाहेर पडला आणि घरभर झाला. भाच्याचे सीईटीचे मार्क बॉर्डरलाइन, सोसायटीच्या टाकीतलं पाणी बॉर्डरलाइन, आमटीतलं मीठसुद्धा. ताई एकदा वैतागून म्हणाली, "महाराष्ट्राला बेळगावचा एक सीमाप्रश्न पुरे होता. हा दुसरा माझ्या पदरात पडला."

दाजी ४८ वर्षांचे आहेत. मूळचे कराडकडचे, आता सिंहगड रोडला फ्लॅट, आणि गेली २४ वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यात एकाच कंपनीच्या क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये. कंपनी गाड्यांचे सायलेन्सर बनवते. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यांची रिपोर्टांची फाइल बघण्यासारखी आहे. निळी, जाड, आत रंगीत कागद घालून कप्पे पाडलेले: रक्त, हृदय, पोट आणि "इतर". लग्नाचा अल्बम कुठल्या माळ्यावर आहे हे त्या घरात कुणालाच सांगता येणार नाही. पण कितीतरी वर्षांपूर्वीचा लिपिड प्रोफाइल दाजी लाइट गेलेले असताना हात घालून काढून देतील. नवा रिपोर्ट आला की ते तो वाचत नाहीत. त्यातलं ठळक अक्षरांत काय छापलंय तेवढंच शोधतात. मागच्या खेपेला ब्याऐंशी टेस्टचं पॅकेज केलं. का? तर ऑफर होती. त्यात चार आकडे ठळक निघाले आणि घरात सुतकी कळा आली.

डॉक्टरांनी त्यांना शांतपणे समजावलं. नॉर्मल रेंज म्हणजे काय, तर धडधाकट माणसांतली ९५ टक्के ज्यात बसतात ती. उरलेली पाच टक्के धडधाकट असूनही बाहेरच राहणार. ब्याऐंशी ठिकाणी मोजलंत, तर चार ठिकाणी ठळक अक्षर येणारच. गंमत अशी, की हेच गणित दाजी गेली वीस वर्षं कंपनीतल्या नव्या पोरांना फळ्यावर काढून दाखवतात. शंभर पीस मोजले तर चार-दोन इकडेतिकडे जाणारच, लगेच मशीन बंद करायचं नाही, असं बजावतात. सायलेन्सरला लागू होणारं शास्त्र स्वतःला लागू होतं, हे मात्र त्यांना पटत नाही. उलट त्यांनी उपाशीपोटीच्या साखरेचा कंट्रोल चार्ट काढलाय. वर लाल रेघ, खाली लाल रेघ. फ्रिजवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लावलाय.

आणि ते बीपीचं मशीन. दाजींसोबत ते सगळीकडे जातं. लग्नाला, बारशाला, अष्टविनायकाला. मोजायची पद्धत म्हणजे एक विधीच. अर्धा तास आधी चहा नाही. पाठ टेकून बसायचं, पायावर पाय टाकायचा नाही, पाच मिनिटं शांत. पहिलं रीडिंग धरायचं नसतं, ते घाबरलेलं असतं. दुसरं आणि तिसरं घ्यायचं. मोजताना बोलायचं नाही, बोललं की बीपी चढतं, हाही नियम दाजींनीच सांगितलेला. पण पट्टा फुगायला लागला, की यांची कॉमेंटरी सुरू: "बघ, बघ, एकशेसाठपर्यंत गेलं... आता उतरतंय... उतरतंय ना?" ताई स्वयंपाकघरातून ओरडते, "अहो, गप्प बसा, म्हणजे उतरेल!" सायलेन्सरचा धंदा करणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागतं.

माझ्या चुलतबहिणीच्या साखरपुड्यात तर त्यांनी हॉलच्या कोपऱ्यात दुकानच मांडलं होतं. सगळे काका, मामा बाह्या वर करून रांगेत. भटजींनीसुद्धा मुहूर्ताआधी हात पुढे केला. आम्ही मेहुणे मंडळी आइस्क्रीम खात हसत होतो. तेवढ्यात मुलाकडच्या एका आत्याबाईंचं १९०/११० निघालं. तीनदा घेतलं, तरी तेच. बाईंना काही म्हणजे काही होत नव्हतं. त्या मघापासून पंगतीत वाढत होत्या. दाजींनी त्यांना खुर्चीवर बसवलं, त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन दोन वाक्यं सांगितली आणि त्याच दुपारी डॉक्टरकडे पाठवलं. त्या बाईंच्या गोळ्या सुरू झाल्या. दर दिवाळीला त्या दाजींना न चुकता अनारसे पाठवतात. ते दाजींना चालत नाहीत. खातात.

खाण्याचं प्रकरण वेगळंच. २०१८ च्या सुमारास उभा महाराष्ट्र दोन पक्षांत विभागला होता, आठवतंय का? एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दिवसातून दोनदाच, तेही पंचावन्न मिनिटांच्या आत; दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकरांचं थोड्या थोड्या वेळाने खाणं. दाजी आधी एका पक्षात गेले, मग दुसऱ्या आणि शेवटी युतीत. पंचावन्न मिनिटांचा गजर लावून जेवायला बसायचे आणि शेवटच्या मिनिटापर्यंत एकही मिनिट वाया जाऊ द्यायचे नाहीत. ताईचं म्हणणं, "दोनदाच जेवतात हो. पण एका वेळेला पंगत जेवते!" वजन दीड किलोने वाढल्यावर तो प्रयोग थांबला. सध्या भिजवलेले मेथीदाणे आणि कारल्याचा रस चालू आहे. तो रस पिताना त्यांचं जे तोंड होतं, तेच कंपनीतल्या नव्या साहेबाचं नाव निघाल्यावर होतं.

नवा साहेब ३३ वर्षांचा आहे. बोलतो गोड. "सर, तुमचा एक्स्पीरियन्स म्हणजे आमची ॲसेट आहे," म्हणतो आणि मीटिंगला बोलवायला विसरतो. तसा दाजींचाही एक काळ होता. १ एप्रिल २०२० ला देशातल्या गाड्या बीएस-४ वरून एकदम बीएस-६ वर गेल्या, मधली पाचची पायरी गाळूनच. त्याच्या आधीची दोन वर्षं दाजी घरी फक्त झोपायला यायचे. तेव्हाची एकही टेस्ट फाइलमध्ये नाही. आजारी पडायला वेळच नव्हता. आणि आता रस्त्यावर हिरव्या नंबर प्लेटच्या गाड्या दिसायला लागल्यात. इलेक्ट्रिक. त्यांना धूर नाही, आवाज नाही आणि सायलेन्सरही नाही.

क्वालिटीवाल्यांची एक पद्धत असते. काही बिघडलं की लागोपाठ पाच वेळा "का?" विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. दाजी हे घरी, स्वतःवर करतात. ॲसिडिटी का झाली? मिसळ खाल्ली. मिसळ का खाल्ली? डबा नेला नव्हता. का? सकाळी उशिरा उठलो. का? रात्री झोप लागली नाही. का? इलेक्ट्रिक गाड्या. गुडघा दुखला तरी, केस गळले तरी, पाचवं उत्तर तेच येतं.

रात्री तीनला त्यांना जाग येते. डावा हात बधिर. मग अंधारात, मोबाइलचा उजेड तोंडावर पाडून, "डावा हात मुंग्या" असं शोधत बसतात. हाताखाली उशी नव्हती, उशीखाली हात होता, हे ताईच्या लक्षात येतं, ते झोपेतच. पण एकदा जाग आली की दोन हिशेब सुरू होतात: ईसीजी आणि ईएमआय. फ्लॅटचे हप्ते अजून नऊ वर्षं. भाच्याची फी. कंपनीने काढलं, तर काय? एका रात्री त्यांनी एका नोकरीच्या साइटवर "मी नवीन कामाच्या शोधात आहे" असं जाहीर केलं आणि साहेब बघेल म्हणून सातव्या मिनिटाला काढून टाकलं. सकाळी मात्र एका जुन्या मित्राचा फोन आला, "काय रे, सगळं ठीक ना?" दाजींनी त्याला साखर सांगितली.

मग जोडधंद्यांच्या एक्सेल शीट सुरू झाल्या. अमृततुल्य चहाची शाखा. गावाकडे शेवग्याची बाग. शेळ्या. तारकर्लीला होमस्टे. सगळ्या शीट नफ्यात आहेत. कारण त्यात दाजींनी स्वतःचा पगार धरलेला नाही. सध्या ते भाच्याकडून पायथॉन शिकतात. भाचा मागे उभा राहून "बाबा, तिथे स्पेस!" असं ओरडत असतो. "बारा वर्षांपूर्वी याला मी पाढे शिकवत होतो," दाजी मला म्हणाले. "असाच ओरडायचो."

याच भाच्याने त्यांना एक दिवस सांगितलं, की "मिड-लाइफ क्रायसिस" हे नाव एलियट जॅक्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६५ च्या एका लेखात पहिल्यांदा वापरलं. तेव्हा तोही ४८ वर्षांचाच होता. दाजींनी एकच प्रश्न विचारला, "तो स्वतः किती जगला?" शहाऐंशी. दाजींच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. भाच्याने लगेच दुसरी माहिती दिली. बाबा जी रोज दहा हजार पावलं मोजतात, तो आकडा कुठल्या डॉक्टराने ठरवलेला नाही. जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच "दहा हजार पावलांचं मीटर" असं होतं. सालही तेच, १९६५. दाजी बराच वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "म्हणजे रोग आणि औषध एकाच वर्षी निघालं." आणि राहिलेली सहाशे चाळीस पावलं पुरी करायला रात्री पावणेबाराला हॉलमध्ये फेऱ्या मारायला लागले. खालच्या मजल्यावरचे काका हल्ली बीपीच्या गोळ्या घेतात.

या माणसाला आम्ही हसतो. मीही हसतो. गेल्या पावसाळ्यात एका रात्री दीडला माझ्या बाबांच्या छातीत दुखायला लागलं. घाम सुटला. "गॅस असेल, ओवा द्या," बाबा म्हणत होते. मला ताईचा नंबर लावताना तीनदा चुकला. फोन दाजींनी उचलला. जागेच होते. आठ मिनिटांत गाडी खाली. बाबांच्या औषधांची यादी त्यांच्या पाकिटात, घडी घालून. कुठल्या हॉस्पिटलात रात्री अँजिओप्लास्टी होते आणि कुठल्या हॉस्पिटलात फक्त बोर्ड लावलाय, हे तोंडपाठ. गाडीत बसतानाच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले तशी ॲस्पिरिनची गोळी बाबांना चावायला दिली. तीही पाकिटातच होती. मी मागे बसून रडकुंडीला आलेलो, आणि दाजी गाडी चालवता चालवता बाबांशी कराडच्या कृष्णाकाठच्या वांग्यांबद्दल बोलत होते. आवाज अगदी खालच्या पट्टीत. मी आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना इतकं हळू बोलताना ऐकत होतो.

पहाटे स्टेंट बसला. "वेळेत आणलंत," असं म्हणाले डॉक्टर. बाबा शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "जावईबापू, वांगी राहिली."

कॉरिडॉरमधल्या बाकावर दाजी टेकले, पिशवीतून मशीन काढलं आणि पट्टा दंडाला गुंडाळला. या वेळी बोलले नाहीत. ११८/७८. दुसऱ्यांदाही ११८/७८. तीन वर्षांतलं सगळ्यात चांगलं रीडिंग. दाजींनी आकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मशीन कानाजवळ नेऊन हलवलं.

"बिघडलंय वाटतं रे," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवीन मशीन आणलं. जुनं माझ्याकडे असतं, फ्रिजवर. सेल बदललेत. पहिलं रीडिंग मी धरत नाही.