सही मुलाची, सुई आजोबांना

आजोबा शुद्धीत आहेत. वार सांगतात, गोळ्यांच्या वेळा सांगतात, काल कोण भेटून गेलं तेही सांगतात. फक्त डायलिसिस नको म्हणतात. लगेच केसपेपरवर शेरा: पेशंट सहकार्य करत नाही.

हो म्हणाले असते, तर कुणी त्यांच्या डोक्याची तपासणी केली असती का?

मग मुलाला फोन. तो परगावाहून सांगतो, ‘लागेल ते करा.’ संपलं. आजोबांना विचारायचं राहूनच गेलं.

हे कायद्यात बसतं? अजिबात नाही. तपासणीपुरती भूल दिलेल्या एका बाईचं गर्भाशय आईच्या संमतीवर काढलं गेलं. जिवावर बेतलेलं नसताना सज्ञान बाईसाठी आईची संमती चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्येच बजावलं. 2018 मध्ये तर जीव वाचवणारा उपचारही जाणत्या रुग्णाला नाकारता येतो, हे घटनापीठानं मान्य केलं.

निकाल दिल्लीत लागतो. रात्री दोन वाजता ट्रे घेऊन खाटेपाशी उभी असते ती सिस्टर.

ऑर्डर आहे, नाकातून नळी घाला. आजोबा तोंड फिरवतात. घातली तर जबरदस्ती, नाही घातली तर सकाळी मेमो. हात पट्टीनं बांधून घातलेल्या नळीला शुश्रूषा म्हणायचं?

तिनं आधी विचारायला हवं: का नको? दुखतंय, खर्चाची भीती आहे, की कुणी नीट समजावलंच नाही? सोडियम उतरलं की माणूस बरळतो, तेही पाहायला हवं. तापातला नकार वेगळा, महिनाभर विचार करून दिलेला वेगळा. हा फरक दिवसभर उशाशी असणाऱ्या सिस्टरला जितका कळतो, तितका पाच मिनिटांच्या राउंडमध्ये कुणाला कळणार?

पण तिला विचारतो कोण?

आणखी एक खोड. नको म्हटलं की ‘डामा’चा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जाण्याचा, फॉर्म पुढे! डायलिसिस नाकारलं म्हणजे वेदनेचं औषधही नाकारलं? कूस बदलणं, तोंड पुसणं, धाप कमी करणं, सगळं नाकारलं? उपचार नाकारणाऱ्याला दाराबाहेर काढणं ही निव्वळ धमकी आहे.

सिस्टरनं आजोबांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत, वेळ घालून लिहावं. रात्रीच्या डॉक्टरांनी येऊन स्वतः बोलावं, खाली सही करावी. आणि ऑर्डर थांबवली म्हणून तिला मेमो देणाऱ्या मेट्रननं आधी ती नोंद वाचावी.