प्रेरणास्थानाचे गुडघे

कॉलेजात माझ्यापासून प्रेरणा घेणाऱ्यांची कधी वानवा नव्हती. बाकावरच्या मैत्रिणी घ्यायच्या, ग्रंथपाल घ्यायचे, कॅन्टीनचे अण्णा तर चहा ओतता ओतता घ्यायचे. "तुझ्याकडे बघितलं ना, की आपण उगाच कुरकुरतो असं वाटतं," असं कुणी म्हणालं, की मी मान जराशी कलती करून, डोळे अर्धवट मिटून मंद हसायचे. हे हसू मी घरी आरशासमोर बसवलं होतं. त्यासाठी कॅलेंडरवरच्या ज्ञानेश्वरांचा थोडा आधार घेतला होता.

एवढी प्रेरणा द्यायला मी करत काय होते? सकाळी सात वीसच्या तासाला येत होते. तेही उशिरा.

मला संधिवात आहे. "या वयात?" हे तुम्ही आत्ता मनात म्हणालात, ते मला ऐकू आलं. सोळाव्या वर्षाच्या आत सुरू झाला तर डॉक्टर त्याला जुव्हेनाइल आर्थ्रायटिस म्हणतात, आमची आत्या नुसतं 'वात' म्हणते, आणि माझ्यावर दोघांचेही उपचार चालू असतात. डॉक्टरांची गोळी आठवड्यातून एकदा. आत्याचे मेथीचे लाडू, एरंडेल आणि महानारायण तेल यांना मात्र वाराचं बंधन नाही. ती बिब्ब्यापर्यंत पोचली तेव्हा आईने तिला थांबवलं. मुळात हा आजार म्हणजे गैरसमज आहे: शरीराचं संरक्षण करणारी यंत्रणा आपल्याच सांध्यांना परकं समजून त्यांच्यावर चाल करून जाते. माझ्या बाबतीत गुडघे, घोटे आणि मनगटं परकी ठरली.

त्याची एक खोड आहे. सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असतात, हालचाल करत राहिलं की हळूहळू मोकळे होतात, एका जागी बसलं की पुन्हा धरतात. म्हणजे मी सकाळी सत्तरीची, दुपारी चाळिशीची आणि संध्याकाळी वयाला शोभेशी. मला सकाळी पाहणाऱ्यांना दया यायची आणि संध्याकाळी पाहणाऱ्यांना संशय.

या खोडीचा फायदा एकदाच झाला. 2016च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने उच्च शिक्षणात 5 टक्के जागा राखल्या, पण त्यासाठी अपंगत्व निदान 40 टक्के लागतं. इथेही पास व्हायला चाळीसच! सरकारी रुग्णालयातल्या बोर्डापुढे जायचं म्हणून मी आदल्या रात्री, परीक्षेआधी वाटते तशीच, धास्तावले होते. बोर्डाने मला लोखंडी बाकावर इतका वेळ बसवून ठेवलं, की नाव पुकारल्यावर मला उठताच येईना. डॉक्टरांनी सांधा किती वळतो ते कोनमापकासारख्या पट्टीने मोजलं आणि 42 टक्के दिले. त्यातला निदान एक टक्का त्या बाकाचा आहे. शेजारच्या काकांना 65 मिळाले होते. क्षणभर मला त्यांचा चक्क हेवा वाटला.

काठी वापर, असं डॉक्टर पहिल्या दिवसापासून सांगत होते. पण काठी घेऊन कॉलेजला जाणं मला मान्य नव्हतं. मी लांब दांड्याची काळी छत्री घेतली. बाराही महिने. मार्चमध्ये मैत्रिणींनी विचारलं, "ऊन लागतं का गं?" मी म्हणाले, "लागतं." छत्री मात्र उघडायचे नाही. लोकांनी मला विक्षिप्त समजावं, हे मला चालणार होतं. विक्षिप्त माणसं हुशार असतात असा पुण्यात एक समज आहे. पंचाईत पावसाळ्यात झाली. उघडली तर टेकायला काही उरत नाही, टेकली तर भिजायला होतं. मी भिजले. सगळं कॉलेज मला बंद छत्री घेऊन पावसातून चालताना बघत होतं, आणि माझ्या हुशारीबद्दल कुणालाही शंका उरली नाही.

आमचे वर्ग तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट होती. ती किल्लीने चालायची, आणि किल्ली हेडक्लार्क भाऊसाहेबांच्या खणात. भाऊसाहेब यायचे साडेदहाला. तोवर माझे गुडघे जिन्यानेच मोकळे झालेले असायचे. लिफ्ट सुरू व्हायची आणि मला तिची गरज संपायची, दोन्ही एकाच वेळी.

जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबावं लागे. दम लागलाय असं दिसू नये म्हणून मी तिथल्या सूचनाफलकापुढे उभी राहून वाचायचे. सगळं वाचायचे. एनएसएसचं शिबिर, बस पासचे अर्ज, हरवलेला कॅल्क्युलेटर, ग्रंथालयाचा दंड, गेल्या वर्षीच्या शिष्यवृत्तीची उलटून गेलेली तारीख. कॉलेजात काय चाललंय हे माझ्याइतकं प्राचार्यांनाही ठाऊक नसेल. तिथेच, दुसऱ्या वळणावर, पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या ऑडिशनचा कागद दिसला.

आता इथे थोडं थांबणं भाग आहे. 1963पासून ही स्पर्धा पुण्यातल्या पोरांना पावसाळ्यात दुसरं काही सुचू देत नाही, आणि मला तर आधीपासूनच स्वतःच्या आवाजाबद्दल फार बरं मत होतं. मी ऑडिशन दिली. कोपऱ्यात तिघी मुली रडेपर्यंत दिली, असं मला वाटलं; त्या हसत होत्या असं नंतर कळलं. दिग्दर्शक तिसऱ्या वर्षाचा होता. दाढी, खादीचा झब्बा, आणि नाट्यगुरू स्तानिस्लाव्स्कीचं नाव घराण्यातल्या माणसासारखं घ्यायची सवय. तो म्हणाला, "अगं, तुझ्यासाठी आजी आहे. आजी म्हणजे या एकांकिकेचा कणा." नायिकेची आशा धरून गेलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला 'कणा' म्हटल्यावर जे होतं, ते मला झालं. पण स्टेज ते स्टेज. मी हो म्हणाले. आजी देण्यामागचं कारण त्याने सांगितलं नाही. मीही छत्री टेकत बाहेर आले आणि विचारलं नाही.

तालमी संध्याकाळी सहानंतर. संध्याकाळी मी कशी असते, हे सांगून झालंच आहे. पहिल्याच आठवड्यात त्याने तालीम थांबवली.

"आजीची चाल खोटी वाटतेय."

"कशी?"

"लंगडणं वरवरचं आहे. सकाळी गेटातून येतेस ना, तशी चाल."

"ती सकाळची असते."

"मग तीच आण ना इथे. स्तानिस्लाव्स्की काय म्हणतो?"

स्तानिस्लाव्स्की संधिवाताबद्दल काय म्हणतो, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. पण उपाय मलाच सुचला. माझ्या प्रवेशाआधी मी अर्धा तास कडक बाकावर अजिबात न हलता बसायचे. गुडघे धरले, की उठून थेट रंगमंचावर. भूमिकेसाठी लोक वजन वाढवतात, टक्कल करतात. मी आखडून घेत होते. तो खूश. "आता आली आजी!" असं ओरडायचा, आणि कळ मस्तकात गेलेली मी मनातल्या मनात पारितोषिक स्वीकारायचे.

नाटकातल्या पोरांबद्दल एक सांगायचं राहील. तालमी सुरू झाल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. चारपाच दिवसांनी त्या अचानक खाली, पार्किंगशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आल्या. मी कारण विचारलं. "वर डास आहेत," प्रकाशयोजना करणारा मुलगा म्हणाला. खाली डास दुप्पट होते. शेडमध्ये पंखा नव्हता, पावसात पत्र्याच्या आवाजात संवाद ऐकू यायचे नाहीत, आणि आठ जणांनी नेपथ्याच्या जड लेव्हल्स डोक्यावरून खाली उतरवून आणल्या होत्या. त्या डासांविषयी पुढे कुणी अवाक्षर काढलं नाही. मला आभार मानायची संधीच दिली नाही गाढवांनी.

प्रयोगाच्या दिवशी भरत नाट्य मंदिरात विंगेत बसायला बाक नव्हता. बाहेर "अरे आव्वाज कुणाचा"ची आरोळी टिपेला पोचलेली. मी भीतीने येरझारा घालत राहिले, आणि तिसरी घंटा होईपर्यंत माझे सगळे सांधे लोण्यासारखे मऊ झाले. ऐंशी वर्षांची आजी तरातरा रंगमंचावर आली. इतकी, की नातवाचं काम करणारा दचकून वाक्य विसरला. एका परीक्षकांनी नंतर फार प्रेमाने सांगितलं, "आजी करणाऱ्या मुलीने संधिवात झालेल्या माणसांचं निरीक्षण करायला हवं."

मी ते वहीत लिहून घेतलं.

तर लिफ्ट. दुसऱ्या वर्षी मी रीतसर अर्ज केला, की एक किल्ली सकाळी सातला रखवालदाराकडे असावी. प्राचार्या मॅडमनी अर्ज वाचला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, तू तर आमची फायटर आहेस. तुला कशाला हवी लिफ्ट?" मी काय करावं? मी ते ज्ञानेश्वरांचं हसू हसले आणि जिन्याने वर गेले. माझ्याइतकं स्वस्तात पटणारं माणूस त्या कॉलेजला पुन्हा मिळालं नसेल.

दुखण्याची सवय होते. मागण्याची होत नाही, निदान मला झाली नाही. लिफ्टसाठी अर्ज, खालच्या मजल्यावर परीक्षेचा नंबर यावा म्हणून अर्ज. मनगट लिहू देत नाही म्हणून लेखनिकासाठी अर्ज, तोही दर सत्राला नवा, जणू सुट्टीत मी बरी होणार होते. लेखनिक घेणाऱ्याला तासामागे 20 मिनिटं जादा मिळतात, हे नियमात छापलेलं आहे. तरी पर्यवेक्षक ती खिशातून काढून दिल्यासारखी द्यायचे आणि मी "थँक्यू सर" म्हणायचे. सकाळपासून दुपारपर्यंत मी इतके वेळा "प्लीज" आणि "थँक्यू" म्हणायचे, की घरी आल्यावर आईने पाणी दिलं तरी राग यायचा. आईला वाटायचं गोळीचा परिणाम. त्या गोळीने मळमळतं, चिडचिड माझी स्वतःची होती. छत्री भिंतीवर आपटून मी एकदा तिचा दांडा मोडलाही. प्रेरणा घेणाऱ्यांपैकी तेव्हा कुणी तिथे नव्हतं, हे बरंच झालं.

मग कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती यायची ठरली. दिव्यांगांसाठी काय सोयी आहेत, हेही समिती विचारणार होती. त्यामुळे रात्रंदिवस काम चालून प्रवेशद्वाराशी रॅम्प उगवला. दारात तीन पायऱ्या, मिळून दीड फूट. फूटभर उंचीला बारा फूट लांबी हवी, म्हणजे आमच्या रॅम्पला अठरा फूट लागणार. पण सहा फुटांवर मॅडमची गाडी लागायची. गाडी हलवणं शक्य नव्हतं, म्हणून नियम हलवला. त्या चढावरून चढायचं धाडस मी कधी केलं नाही. पायऱ्यांना निदान कठडा होता. रॅम्पचा खरा लाभ अण्णांच्या गॅस सिलिंडरांना झाला, आणि त्यातला एक परवानगीशिवाय एकटाच खाली गेला.

समितीच्या फाइलसाठी रॅम्पवर चढणाऱ्या विद्यार्थिनीचा फोटो हवा होता. अर्थात मी. छत्री फोटोत शोभेना. फोटोग्राफर म्हणाला, काठी पाहिजे. मग नाटकाच्या ट्रंकेतून आजीची काठी आणली. दोन मुलांनी मला रॅम्पच्या मध्यावर नेऊन उभं केलं आणि फ्रेमबाहेर जाऊन, घसरलेच तर झेलायला, उभी राहिली. मी विरोध केला का? मी घरी जाऊन निळा कुर्ता घालून आले होते. पहिला फोटो पाहून म्हणाले, "हनुवटी दुहेरी दिसतेय, परत घ्या." माहितीपत्रकात तो 'दिव्यांगस्नेही परिसर' या शीर्षकाखाली छापून आला. त्याच्या प्रती मी स्वतः सगळ्या नातेवाइकांना वाटल्या.

समितीच्या दिवशी लिफ्ट सकाळी सातपासून चालू होती. आत गणवेशातला माणूसही होता. समिती गेली, किल्ली भाऊसाहेबांच्या खणात परत गेली.

आठवड्याभराने शिपाई मामांनी मला जिन्याच्या पहिल्या वळणावर गाठलं. मी एनएसएसची तीच नोटीस पुन्हा वाचत होते. मामांनी इकडेतिकडे बघितलं आणि हातात एक नवी, करकरीत किल्ली ठेवली. "मंडईतून करून आणली. भाऊसाहेबांना बोलू नका." मी पर्समध्ये पैसे शोधू लागले. "राहू द्या हो," म्हणून ते चालते झाले. मी आभार मानायला तोंड उघडलं तोवर ते खालच्या मजल्यावर पोचले होते. गुडघे चांगले होते त्यांचे.

किल्ली हाती आली आणि मला माझा खरा स्वभाव कळला. सकाळी सातला चालू लिफ्ट असलेली त्या इमारतीत मी एकटीच. बातमी फुटायला वेळ लागला नाही. प्रोजेक्टर नेणारे यायचे, पाय मुरगळलेले यायचे, काही जण नुसतेच आळशी. मी सगळ्यांना खाली उभं करून, का जायचंय ते विचारायचे.

एके दिवशी अर्थशास्त्राचे विभागप्रमुख आले. वजनदार माणूस, गुडघ्याला नवा पट्टा. पर्यवेक्षक असताना माझी 20 मिनिटं घड्याळ लावून मोजणारे तेच. दारात घुटमळले आणि म्हणाले, "जरा वर सोडतेस का गं? प्लीज."

मी किल्ली मुठीत धरून म्हणाले, "सर, अर्ज आणलाय?"

ते हसले नाहीत. मीही हसले नाही. मग सोडलं त्यांना तिसऱ्या मजल्यावर. पण दार उघडण्याआधी "थँक्यू" पूर्ण म्हणू दिलं.