किरकोळ

ग्रिफी विकायचा हे जेवणाच्या टेबलावर ठरलं आणि ठरलं तेव्हा, नेहमीप्रमाणे, मी नुसता हजर होतो. मुलं आपापल्या गावी गेलेली. सिअ‍ॅटलजवळचं मोठं घर विकून आम्ही दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जाणार होतो. तिथे कपाट एकच, आणि ते हिच्या साड्यांनी आधीच जिंकलेलं.

"तुझ्या त्या प्लॅस्टिकच्या पाट्यांचं काय ते बघ," ही म्हणाली.

पाट्या नव्हेत, स्लॅब. बेसबॉलचं कार्ड तपासून, गुण देऊन कडक पारदर्शक डबीत कायमचं बंद करतात, त्या डबीला अमेरिकेत स्लॅब म्हणतात. माझ्याकडे असे 43 होते, सगळे एकाच माणसाचे: बेसबॉलपटू केन ग्रिफी ज्युनिअरचे. पुण्यात 43 स्लॅब टाकले असते तर आज लोक मला बिल्डर म्हणून ओळखत असते. इथे बूट ठेवायच्या दोन खोक्यांत मावत होते.

मी इथे आलो 1995 च्या उन्हाळ्यात. बेसबॉल म्हणजे काय, तर बॅट टाकून पळत सुटणं, एवढीच माझी समजूत. ऑक्टोबरच्या 8 तारखेला ऑफिसातल्या एकाने घरी मॅच बघायला बोलावलं. किंगडोम स्टेडियममध्ये आमच्या सिअ‍ॅटलचे मरिनर्स विरुद्ध यांकीज, अकरावी इनिंग, एडगर मार्टिनेझने डावीकडे चेंडू फटकावला आणि पहिल्या बेसवर उभा असलेला ग्रिफी जो सुटला तो थेट घरी येऊन घसरला. सामना, मालिका, सगळं खलास. मी मनात हिशेब केला: 270 फूट. म्हणजे क्रिकेटच्या चार धावा पळाला बिचारा, आणि पदरात पडली एक! अशा माणसाबद्दल मध्यमवर्गीय नोकरदाराला आपुलकी वाटणारच. पुढच्याच आठवड्यात मी पहिलं कार्ड घेतलं.

ते 1989 सालचं, अप्पर डेक कंपनीचं, क्रमांक 1. त्यात अठरा वर्षांचा ग्रिफी असा हसतोय की कोणीही मुलगी द्यावी. गंमत म्हणजे डोक्यावरची टोपी खोटी. फोटो काढला तेव्हा तो सॅन बर्नार्डिनोच्या धाकट्या संघात होता. छापताना टोपीला रंग फासून तिची मरिनर्सची केली. आपल्याकडे लग्नाच्या फोटोत स्टुडिओवाले नवऱ्याला सूट चढवायचे, तसंच.

1998 मध्ये आई आली होती. तिने टीव्हीवर ग्रिफीला सरावाच्या वेळी पाहिलं आणि म्हणाली, "उन्हात टोपी उलटी घालतो? अक्कल आहे का?" यांकीजचे मॅनेजर बक शोवॉल्टर यांनीही चार वर्षांपूर्वी त्याच्या उलट्या टोपीवर आणि बाहेर आलेल्या शर्टावर टीका केली होती. आईला शोवॉल्टर माहीत नव्हते, पण दोघांचं जमलं असतं. मी तिला समजावलं, की लहानपणी तो वडिलांची टोपी घालायचा, ती मोठी व्हायची, डोळ्यांवर यायची, म्हणून उलटी. "मग लहान घ्यायची," आई म्हणाली.

आता गुणांचं सांगतो, कारण सगळा खेळ तिथेच आहे. त्या काळात कंपन्यांनी कार्डं इतकी छापली, आणि लोकांनी पोरांच्या कॉलेजची फी निघेल म्हणून इतकी जपली, की ती दुर्मीळ राहिलीच नाहीत. दुर्मीळ राहिले ते गुण. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र चौकटीत मधोमध आहे का, एवढं पाहून दहापैकी मार्क देतात. नवाला काहीशे डॉलर मिळाले तर दहाला त्याच्या दहापट. डोळे फोडून पाहिलं तरी दोन्हींतला फरक मला कधी दिसला नाही. पण ज्या घरात 98 आणल्यावर "दोन कुठे गेले?" विचारायचे, तिथे वाढलेल्याला ही पद्धत परकी वाटत नाही. उलट, शहाणेसुरते अमेरिकन लोक नवाची डबी फोडून कार्ड पुन्हा तपासायला पाठवतात हे कळल्यावर मला गहिवरून आलं. रिचेकिंग! खुद्द ग्रिफीला 2016 मध्ये हॉल ऑफ फेमसाठी 440 पैकी 437 मतं मिळाली. माझे वडील असते तर त्या तिघांची नावं विचारल्याशिवाय जेवले नसते.

आणि गुणवत्ता यादीत गडबड नसेल तर ती यादी कसली? कार्डांना गुण देणाऱ्या पीएसए कंपनीने 1991 मध्ये पहिल्यांदा तपासलेलं कार्ड जुन्या काळच्या होनस वॅग्नर या खेळाडूचं, आठ गुणांचं, जगप्रसिद्ध. त्याच्या कडा आपणच कापून सारख्या केल्या होत्या, हे बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने 2013 मध्ये कबूल केलं. बोर्डात पहिला आलेला कॉपी करताना सापडावा, तसं झालं.

असो. दोन खोकी घेऊन मी एका हॉटेलच्या हॉलमधल्या कार्डबाजारात गेलो. टेबलामागचा मुलगा, किंगडोम पाडलं (2000 साली, स्फोटकं लावून) तेव्हा बहुधा जन्मलाही नसावा. मला वाटलं, विचारेल: काका, तुम्ही त्याला खेळताना पाहिलंत? मी 270 फुटांचा हिशेब तयार ठेवला होता. त्याने ग्रिफीकडे ढुंकून पाहिलं नाही. लेबलावरचा नंबर फोनला दाखवायचा, मागची विक्री बघायची, आकडा लिहायचा, पुढचा स्लॅब. 43 स्लॅब, वीस मिनिटं. आमच्या गल्लीतला रद्दीवाला निदान मासिकं चाळायचा तरी. शेवटी म्हणाला, "सत्तर टक्के." मी पुण्याची लाज राखायला म्हणून घासाघीस केली. बहात्तरवर आलो.

खरा खेळ त्यानंतर.

अकाउंटंटकडे आम्ही दोघं जातो, कारण रिटर्न दोघांचं मिळून असतं. तो म्हणाला, संग्रहाच्या वस्तू वर्षाहून जास्त ठेवून विकल्या तर नफ्यावर 28 टक्क्यांपर्यंत कर बसतो. "घेतल्या केवढ्याला?"

"मी सांगते," ही म्हणाली आणि पर्समधून खर्चाची वही काढली. 1995 पासूनच्या सगळ्या वह्या हिने जपल्यात. कार्ड घरी आलं की ही विचारायची, "केवढ्याला?" आणि मी खऱ्याचा चौथा हिस्सा सांगायचो. वहीत नोंद पडायची: किरकोळ, 20 डॉलर. किरकोळ, 35 डॉलर. ही एकेक किरकोळ वाचत गेली आणि अकाउंटंटच्या पडद्यावर माझा नफा फुगत गेला. न झालेला नफा! त्यावर खराखुरा कर!

पहिली दहा मिनिटं मी धीर धरला. मग त्याने कराचा आकडा मोठ्याने वाचला आणि मी गाडीतून तिसरं खोकं आणलं. त्यात खऱ्या पावत्या होत्या, तारखेनिशी लावलेल्या, प्लॅस्टिकच्या पाकिटांत.

"वा," अकाउंटंट खूश झाला. "काय सुस्थितीत आहेत!"

हिने पहिलं पाकीट उचलून दिव्याखाली धरलं. कोपरे पाहिले, कडा पाहिल्या, मग आकडा पाहिला. चष्मा कपाळावर सरकवला.

"मे 1999," ही म्हणाली. "परवडत नाही म्हणून डिशवॉशर घेतला नव्हता, तो महिना."