जवळून वार, लांबून नमस्कार

भिलाईच्या सेक्टरांत माणूस माणसाच्या अंगावर येईल अशी सोयच ठेवलेली नाही. १९५५ साली रशियनांशी करार होऊन इथे पोलाद कारखाना आणि त्याच्या बरोबरीने हे गाव उभं राहिलं, तेव्हा जमिनीला तोटा नव्हता. रस्ते ऐसपैस, रस्त्याच्या कडेला झाडं, क्वार्टरला अंगण. शेजारणीशी भांडायचं तर दोघींनाही आवाज चढवावा लागतो, आणि तोवर कुकरची शिट्टी होऊन भांडण तहकूब होतं. अशा गावात आमचे चिरंजीव पुण्याहून विंग चुन घेऊन आले.

विंग चुन ही हातभर अंतरावरून लढायची दक्षिण चीनमधली विद्या. समोरच्याने ठोसा उगारायला हात मागे नेला की तेवढ्यात आपण त्याच्या छातीशी पोचायचं. नाकापासून बेंबीपर्यंत एक रेष मनात धरायची, कोपर आत, मूठ उभी, आणि त्या रेषेवर ठोशांची माळ लावायची. लाथा आहेत, पण त्या बहुतेक कमरेच्या खालीच. साठीला टेकलेल्या बाईला हे कलम वाचून फार हायसं वाटतं. उभं मात्र राहायचं ते गुडघ्यांत शेळी दाबून धरल्यासारखं, पायांचे अंगठे आत वळवून. मी अशी उभी राहिले तेव्हा ह्यांनी विचारलं, "काहून, पाठ धरली का?"

निमित्त माझ्या मंगळसूत्राचं. पहाटे फिरायला जाणाऱ्या बायकांच्या गळ्यातलं ओढून मोटरसायकलवरून पसार होणं हा देशभरचा उद्योग आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तर त्यासाठी ३०४ नंबरचं वेगळं कलमच आहे. स्वतःचा बचाव करायचा हक्क ३४व्या कलमात येतो, म्हणजे कायद्यानेही आधी आपल्याला लढून घ्यायला सांगितलंय आणि चोराचा विचार सावकाश केलाय.

ह्यांना ही विद्या मुळातच पटली नाही. भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. ह्यांची नोकरी त्यानंतर पुष्कळ वर्षांनी लागली, पण बोलणं ऐकून वाटतं की फीत ह्यांनीच धरली होती. उभा जन्म फर्नेसवर गेला. तिथे चौदाशे-पंधराशे अंशांचं लोखंड डोळ्यांसमोरून वाहतं आणि शहाणा कोण, तर जो लांब उभा राहतो. धोका दिसला की मागे सरायचं, एवढं एकच शास्त्र ह्यांना ठाऊक. आणि मुलगा सांगतोय, पुढे सरका.

"बाबा, जवळ गेलं की समोरच्याला हात फिरवायला जागाच उरत नाही."

"आणि त्याच्या हातात चाकू असला तर?"

"मग पळायचं."

"मग आधीच पळू की. त्याला फी कशाला भरली?"

मला स्वतःला या विद्येची जन्मकथा आवडली. शाओलिन मठातून निसटलेल्या ङ मुई नावाच्या भिक्षुणीने ती यिम विंग चुन नावाच्या मुलीला शिकवली. गावातला एक गुंड त्या मुलीशी बळजबरीने लग्न करायला निघाला होता, तिने त्याला लढतीत लोळवलं आणि मग मनातल्या माणसाशी संसार केला. इतिहासकार या कथेवर फारसा विश्वास ठेवत नाहीत. मी ठेवते. फक्त वाटतं, की आमच्याकडे एवढ्या कामासाठी 'पत्रिका जुळत नाही' हे तीन शब्द पुरतात.

खरा माणूस मात्र इप मान. फोशानमध्ये १८९३ साली जन्मलेला हा घरंदाज गृहस्थ कम्युनिस्ट राजवट आल्यावर हाँगकाँगला गेला आणि पोटासाठी शिकवू लागला. ब्रूस ली हा त्याचा शिष्य. पूर्वी सरावाचा लाकडी पुतळा जमिनीत पुरत. हाँगकाँगच्या खोल्यांत जमीन कुठली? म्हणून इप मानने तो भिंतीवर टांगून घेतला.

आम्हाला अंगण होतं, त्यामुळे पुरला. सुपेल्याच्या सुताराने कागदावरचं चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि मला विचारलं, "ये का हे दाई?" सालाचा जाड ओंडका, त्याला वर किंचित तिरके दोन हात, पोटाशी एक हात आणि खाली गुडघ्यात वाकलेला एकच पाय. हात खाचेत सैल बसवलेले असतात, त्यामुळे मनगटाने आघात केला की ठक्क असा आवाज येऊन ते जरा हलतात. पहाटे पाचला आमच्या अंगणातून ठक्, ठक्-ठक् सुरू झालं की समोरचे बंगालीबाबू दार उघडून कोण आलंय ते पाहायचे. आठवड्याभरात पुतळ्याचे वरचे दोन हात ह्यांच्या बनियनांना मिळाले आणि मधल्यावर पिशवी लटकली. पायाला मान घासायला रस्त्यावरची एक गाय नेमाने येई. तिला मात्र तो पुतळा अगदी व्यवहार्य वाटला.

मी अमरावतीची. आमच्याकडेही लाकूड पुरतात, पण त्यावर चढतात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आलं, ही गोष्ट आम्हाला बाळगुटीतच मिळते. आणि मल्लखांब आता आमच्या छत्तीसगडचाही झालाय. नारायणपूरच्या अबूझमाडच्या मुलांनी २०२३ साली 'इंडियाज गॉट टॅलेंट' जिंकलं, तेव्हा माहेर आणि सासर दोन्हीकडून मीच टाळ्या वाजवल्या. माहेरी आम्ही लाठीही फिरवली होती. लाठीचं शास्त्र आणि फर्नेसचं शास्त्र एकच: समोरचा लांब तो बरा. सेक्टरातल्या कुत्र्यांनाही ते मान्य आहे. काठी दिसली की ती माझ्याशी बोलणी न करता निघून जातात. कुत्र्याला मध्यरेषा शोधून ठोशांची माळ लावायची तर आधी आपल्याला ओणवं व्हावं लागेल.

तरी एक अंग मला मनापासून पटलं. त्याला ची साओ म्हणतात. दोघांनी समोरासमोर उभं राहून मनगटांना मनगटं टेकवायची आणि हात गोल फिरवत राहायचं. डोळ्यांनी पाहायचं नाही, कातडीने ऐकायचं. समोरच्याचा जोर वाढला की वाट द्यायची, सुटला की तिथून आत घुसायचं. स्वयंपाकघरात, ओट्याला पाठ लावून, पिठाच्या हातांनी मी मुलाबरोबर हे केलं आणि खरंच, तो कधी मारणार ते हाताला आधी कळू लागलं. लेक इतक्या दिवसांनी इतका वेळ हातात हात देऊन उभा राहतो, हा फायदा इप मानने सांगितला नसावा. अडचण एवढीच की चोर आधी येऊन मनगटाला मनगट लावत नाही. तो मागून येतो, मोटरसायकलवर येतो आणि दोन सेकंदांत पुढच्या चौकात असतो. त्याच्या छातीशी पोचायचं तर मला स्कूटी लागेल.

ही शंका माझी एकटीची नाही. १९६४ साली ओकलंडमध्ये ब्रूस ली वाँग जॅक मॅनशी लढला. कोण जिंकलं यावर अजून वाद आहे, पण लढत लांबली आणि आपला दम गेला, हे खुद्द लीला खटकलं. तिथून तो विंग चुनच्या चौकटीबाहेर पडत गेला. अलीकडे चीनमध्येच शू शियाओदोंग या लढवय्याने पारंपरिक गुरूंना आव्हानं दिली. २०१७ साली ताई ची शिकवणारा एक गुरू त्याच्यापुढे अर्धा मिनिटही टिकला नाही, आणि पुढच्या वर्षी विंग चुनवाल्याचीही धडगत राहिली नाही. यात विद्येपेक्षा सवयीचा दोष जास्त. ठरवून दिलेल्या हल्ल्याला ठरवून दिलेला बचाव करत राहिलं की उलट मारणारा माणूस भेटल्यावर गडबड होणारच. हे मी मुलाला सांगितलं, तर म्हणाला, "आई, तू लाठी कधी उलट मारणाऱ्यावर चालवलीस?" मी विषय बदलून कणीक तिंबायला घेतली.

मग मंडळाचा गणपती आला, आणि महाप्रसादाच्या पंगतीत मला कळलं की मराठी माणसावर हातभर अंतरावरून होणारा खरा हल्ला एकच असतो. तो म्हणजे आग्रह. वाढणारी समोर वाकते, डावा हात आपल्या हातावर दाबते आणि उजव्याने जिलबी टाकते. पानावर पंजा आडवा धरणं हा आपला परंपरागत बचाव, पण तो फोडायचं प्रत्येक वाढपिणीला ठाऊक असतं. त्या दिवशी माझी कातडी आधी ऐकती झाली. तिचं मनगट टेकलं, जोर वाढला, मी वाट दिली आणि कोपर आत घेऊन हात बाहेर ढकलला. श्रीखंडाचा डाव शेजारच्या पानावर, म्हणजे मधुमेही सेक्रेटरींच्या पानावर जाऊन रिता झाला. "आता टाकून थोडंच देता येतं?" म्हणत त्यांनी ते संपवलं, आणि पलीकडून त्यांच्या पत्नीने माझ्याकडे जे पाहिलं त्याला विंग चुनमध्ये उतारा नाही.

पुढच्या वर्षी मंडळाने मला पंगतीत बसवलंच नाही, वाढायला घेतलं. तिथे ही विद्या कमालीची चालते. समोरच्याचा पंजा बरोबर मध्यरेषेवर आडवा असतो. त्याला नुसतं बोट लावायचं, जोर कुठे आहे ते पाहायचं, बाहेरून वळसा घ्यायचा आणि दोन जिलब्या ठेवून पुढच्या पानाकडे सरकायचं.