ऑस्करला कंटाळा येतो

कळव्यात घरात फिशटँक येतो तो सहसा माशांच्या प्रेमापोटी येत नाही, ईशान्य कोपऱ्यापोटी येतो. कुणीतरी वास्तूवाले येऊन सांगून जातात की ईशान्येला पाणी हवं, ते हलतं हवं आणि त्यात आठ सोनेरी नि एक काळा असे नऊ मासे हवेत. काळ्याने घरावरचं संकट स्वतःच्या अंगावर घ्यायचं असतं. हे आठ-एकचं गणित मूळचं चिनी, फेंगशुईतलं. पण कळव्याचा खाडीपूल ओलांडेपर्यंत त्याचं शुद्ध वास्तुशास्त्र झालेलं असतं. वन-बीएचकेच्या ईशान्य कोपऱ्यात आधीपासून फ्रिज उभा असतो. तो हलतो, मासे येतात, काळा बिचारा आपलं काम चोख करून आठवड्याभरात वर तरंगतो. घरातले हळहळतात, आणि मनातून जरा बरंही वाटून घेतात. टळलं काहीतरी.

आमच्याकडे असा रिकामा झालेला टँक होता. दुकानातल्या पोराने त्यात टाकायला ऑस्कर जातीचा मासा दिला. "काका, हा घ्या. हा माणूस ओळखतो." असल्या वाक्यांवर दुकानं चालतात, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. बोटाच्या दोन पेरांएवढं ते काळं-नारिंगी पिल्लू पिशवीत गपचूप बसून होतं, आणि पुलावरून रिक्षा येईपर्यंत माझ्याकडे बघत होतं.

ऑस्कर मूळचा अ‍ॅमेझॉन नदीचा. पहिल्या वर्षात महिन्याला साधारण इंचभर वाढतो आणि फूटभराचा होऊनच थांबतो. पाळलेला मासा भांड्यात मावेनासा होणं ही अडचण आपल्याकडे फार जुनी आहे. शतपथ ब्राह्मणात मनूच्या हातात असंच एक पिल्लू आलं. त्याने ते आधी घागरीत ठेवलं, मग खड्ड्यात, आणि शेवटी समुद्रात नेऊन सोडलं. मनूपाशी समुद्र होता. आमच्यापाशी सोसायटीचे सेक्रेटरी होते. चार फुटी टँक म्हणजे अडीचशे लिटर पाणी, म्हणजे नुसत्या पाण्याचंच अडीचशे किलो वजन. "स्लॅब खालच्या काकूंच्या डोक्यावर आला तर?" असं त्यांनी विचारलं. टँक भिंतीला लागून, बीमवर ठेवायचा या अटीवर प्रकरण मिटलं. खालच्या काकूंनी तेवढ्यापुरता आपला पलंग सरकवून घेतला.

मोठा झाल्यावर या प्राण्याला स्वभाव असल्याचं उघड झालं. पाणी बदललं, खडे इकडचे तिकडे केले, की तो रंग फिका करून तळाशी चक्क आडवा पडतो. पहिल्यांदा तसा पडला तेव्हा आईने देवघरातली गंगाजलाची बाटली काढली होती. मुलीने कोळंबीचा तुकडा पाण्यावर धरला आणि मृतात्मा उठून आला. ऑस्कर पाळणारे सगळे सांगतात की ही जात रुसते. फक्त रुसवा किती वेळ टिकेल ते कोळंबीच्या भावावर अवलंबून असतं.

रुसवा समजू शकतो. कंटाळ्याचं काय करायचं? एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत, वर, खाली, परत वर, अशा त्याच्या तासन्‌तास येरझारा सुरू झाल्या. प्लॅस्टिकची झाडं उपटून झाली. तळाचे खडे तोंडात भरून एका कोपऱ्यात टेकडी रचली, दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या कोपऱ्यात नेली. हीटर धक्के मारून सोडवला. मुळात कळव्याच्या हवेत हीटर कशाला, हे त्याचं म्हणणं रास्त होतं. मग काही उरलं नाही तेव्हा काचेला ओठ लावून बसू लागला. आई म्हणाली, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी." ही म्हण इतक्या शब्दशः खरी झालेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

"मासा कंटाळलाय" असं मी म्हणालो तेव्हा मात्र तीच आई उसळली. "त्याला कसला कंटाळा? सकाळची आठ-सोळा पकडायची असते का त्याला?"

माशाला तीन सेकंदांपुरतंच आठवतं, ही समजूत आपण सगळ्यांनी शाळेत कुठून तरी उचललेली आहे आणि ती सोयीची आहे. तीन सेकंदांनी सगळं विसरणाऱ्याला कंटाळा यायचा कसा? पण मासे या समजुतीला फारसे जुमानत नाहीत. कार्ल फॉन फ्रिश नावाच्या शास्त्रज्ञाने 1923 साली एका आंधळ्या, मांगुरासारख्या माशाबद्दल निबंध लिहिला. शिट्टी वाजवली की तो मासा लपायच्या जागेतून बाहेर यायचा. पुढे 1973 साली फ्रिशना नोबेल मिळालं ते प्रामुख्याने मधमाश्यांवरच्या कामासाठी. शिट्टीवर येणाऱ्या माशाचं नाव कुणी घेतलं नाही. तोंडातून पाण्याची पिचकारी मारून किडे पाडणारा एक मासा असतो. ऑक्सफर्डच्या लोकांनी 2016 मध्ये त्याला पडद्यावर माणसांचे चेहरे दाखवले. शिकवलेला चेहरा 44 अनोळखी चेहऱ्यांतून तो दहापैकी आठ वेळा बरोबर ओळखून त्यावरच पिचकारी मारत होता. आमच्या गेटवरचा वॉचमन मला अजून "किसके यहाँ जाना है?" असं विचारतो. इस्रायलमध्ये 2022 साली गोल्डफिशला चाकांवरचा टँक चालवायला दिला गेला. मासा ज्या बाजूला पोहेल तिकडे गाडी जायची. तो खोलीतल्या ठरलेल्या खुणेपर्यंत गाडी नेऊ लागला, भिंतीला आपटला तर बाजू बदलून जाऊ लागला. कळवा नाक्यावर संध्याकाळी सातला त्याला सोडून बघायला हवं, पण ती परीक्षा माशाची राहणार नाही.

तेव्हा करमणुकीचे प्रयत्न सुरू झाले. टेबलटेनिसचा चेंडू पाण्यावर सोडला. तो त्याने नाकाने ढकलला, वरच्या झाकणाला आपटवला, आणि एकदा आम्ही पाहतो आहोत ना याची खात्री करून घेऊन पुन्हा ढकलला. चार-सहा दिवसांत चेंडू जुना झाला. मग आरसा. जपानमधल्या शास्त्रज्ञांनी 2019 साली दाखवलं की इतर माशांची अंगं साफ करणारा एक चिमुकला समुद्री मासा आरशात बघून स्वतःच्या गळ्यावरचा डाग खरवडायला जातो. आमचा मासा आरशात बघून युद्धाला गेला. गलफडं फुगवून तो असा धडकला की आरसा मिनिटभरात काढावा लागला. आपल्याच थोबाडाचा इतका राग येणारे लोक बिल्डिंगमध्ये आणखीही आहेत, पण ते निदान दाढी करून घेतात.

टँक टीव्हीच्या शेजारी असल्यामुळे संध्याकाळी एक वेगळीच रचना होते. आम्ही सगळे टीव्हीकडे तोंड करून, आणि तो आमच्याकडे तोंड करून. जेवायला बसलो की शेपटीने पाणी उडवून झाकण वाजवतो. मुलीला वाटतं तिने त्याला शिकवलं: स्ट्रॉने काचेवर दोनदा टकटक केलं की पंपाच्या नळीचं जे तरंगतं कडं केलं आहे त्यात खाणं पडतं. हे तो फार लवकर शिकला. झाकण वाजलं की चौघांपैकी कुणीतरी ताटावरून उठतं, हे आम्हीही तितक्याच लवकर शिकलो.

खरी गंमत खेळण्यांत नव्हती, हे करवंटीने उघडकीला आणलं. धुतलेल्या करवंटीला भोक पाडून तिच्याखाली कोळंबी ठेवली, तर साहेबांनी अर्धा तास तिच्याभोवती फिरून, डोळा तिरका करून, फुंकर मारून, शेवटी करवंटी उलटी केली. त्या अर्ध्या तासात येरझारा नाहीत, तुंबड्या नाहीत, कोळंबी मिळाल्यावर रंगही गडद. नॉर्वेत सामन माशांच्या पिल्लांचे दोन गट केले होते: एक मोकळ्या टाकीत, दुसरा दगड-झाडोरा असलेल्या टाकीत. दगडांमधली पिल्लं भूलभुलैयातून बाहेर पडायला सरस निघाली. याचा अर्थ मी तरी असा घेतला की माशाला करमणूक नको असते, उद्योग हवा असतो. आपण त्याच्यावर प्रेम करायचं म्हणून वेळच्या वेळी तोंडासमोर गोळ्या टाकतो आणि त्याचं आयुष्यभराचं एकमेव काम काढून घेतो. दिवसाचे चोवीस तास आणि त्यातली दोन मिनिटं जेवण. उरलेल्या वेळात खड्यांची टेकडी नाही रचायची तर काय करायचं?

मग जागा बदलत ठेवली. सकाळचं खाणं डाव्या कोपऱ्यात, संध्याकाळचं उजव्या. हे वेळापत्रकही त्याने पाठ केलं आणि वेळेआधीच त्या त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहू लागला. मला यात नवल वाटलं नाही. कळव्याला फास्ट गाडी थांबत नाही आणि स्लो गाडी डोंबिवलीपासून भरून येते, म्हणून जी मंडळी सकाळी स्टेशन सोडून कारशेडकडे चालत जातात आणि तिथून निघणाऱ्या रिकाम्या गाडीत खिडकी पकडतात, त्यांच्या गावात राहणारा मासा आहे तो.

माशांना माणसं कळतात हे आपल्या देवस्थानांना शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक असावं. वाडा तालुक्यात तिळसे म्हणून गाव आहे, पालघर जिल्हा 2014 साली वेगळा निघण्याआधी आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं. तिथे वैतरणेच्या पात्रात शंकराचं देऊळ आहे आणि डोहात मोठमोठे महसीर आहेत. देवाचे मासे म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही. काठावर माणूस येऊन कुरमुऱ्याच्या पुडीची गाठ सोडू लागला की पाणी काळं होतं. महाडकडे काळ नदीवर वाळणकोंडीतही असाच प्रकार आहे. या माशांची करमणूक कोण करतं? नदीच करते. उन्हाळ्यात डोहापुरती, पावसाळ्यात अंगावर धावून येणारी, आणि महाशिवरात्रीला कुरमुऱ्यांचा पाऊस पाडणारी. तिथे कुणी चेंडू टाकायला गेलं तर मासे त्याला खुळ्यात काढतील.

आणि तिळशापर्यंत जायचीही गरज नाही. ओहोटीला कळव्याच्या पुलावरून खाली चिखलात बघावं, निवट्या दिसतील. डोक्यावर डोळे, छातीच्या परांवर चालणं, चिखलावरचं शेवाळ खरवडून खाणं, हद्दीवरून पाठीचा पर उभारून भांडणं, आणि माद्यांसमोर हवेत उड्या. हा मासा असून पाण्याबाहेर राहण्यात पटाईत आहे. त्या चिखलात प्लॅस्टिक आहे, थर्माकोल आहे, शहराने नको म्हटलेलं सगळं आहे, आणि तरी एक निवटी कंटाळलेली दिसायची नाही. दिवसातून दोनदा समुद्र येऊन घर पुसून जातो. बीळ परत कोरा, हद्द परत आखा. खारेगावातली आगरी मंडळी निवट्यांचं कालवण करतात, तेव्हा निवटीच्या आयुष्यात उद्योगाबरोबर थरारही पुरेसा आहे. ठाण्याची खाडी 2022 साली रामसर यादीत गेली ती पाणथळ जागा म्हणून, मुख्यतः फ्लेमिंगोंच्या पुण्याईवर. निवट्यांना कुणी विचारलं नाही. त्यांना वेळही नव्हता.

घरी आता ऑस्करचा उद्योग तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ताब्यात घेतला आहे. बेलापूर रोडच्या कारखान्यात शिफ्ट केलेला माणूस. निवृत्तीनंतर ते गॅलरीत उभे राहून कोण किती वाजता आलं ते बघत असायचे. आता त्यांची वही आहे. करवंटी कुठल्या कोपऱ्यात, सोडवायला किती मिनिटं, टेकडी हलली का. काकी मला जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमचा मासा लाख वर्षं जगू दे." काकांनी एक सुधारणा सुचवली की आठवड्यातून एक दिवस मशीन बंद ठेवतात तसं माशालाही खाडा द्यावा. ऑस्कर पाळणारे खरोखरच आठवड्यातून एकदा त्याला उपाशी ठेवतात, पचनासाठी. आईने ताबडतोब सोमवार ठरवला.

सोमवार ठरल्यावर श्रावण लांब नव्हता. महिनाभर घरात कोळंबी येणार नाही, माशासाठीसुद्धा नाही, असं आईने जाहीर केलं. काकांनी उपाय काढला: उकडून साल काढलेले मटार. हे ऑस्करला चालतात, पोटालाही बरे. पहिला दाणा त्याने तोंडात घेतला आणि काकांच्या दिशेने थुंकला. पुन्हा घेतला, चघळला, दोन फाकी वेगळ्या करून त्यातली एकच थुंकली. मग दुसऱ्या दाण्याकडे वळला. कोळंबीला लागायचा त्याच्या तिप्पट वेळ एका वाटीभर मटारात गेला, आणि काकांनी वहीत "उत्तम" असा शेरा मारला.

आई कृतकृत्य झाली होती. "बघ, श्रावण पाळणारा मासा कुणाकडे असेल का?"

मुलगी तेवढ्यात गोळ्यांच्या डब्याचं लेबल वाचत होती. "आजी, या रोजच्या गोळ्यांमध्ये पहिलंच नाव फिश मील आहे. म्हणजे माशांचाच भुगा."

आईने डबा घेतला, लेबल भिंतीकडे करून फळीवर ठेवला आणि म्हणाली, "तुला कुणी वाचायला सांगितलं होतं गं?"