पाटाकडेचा रिकामा रस्ता

ट्रॅफिक नसलेल्या रस्त्यावर सायकल चालवायची असेल, तर आधी तासभर ट्रॅफिकमधून मोटार चालवावी लागते. द्वारका चौक ओलांडायचा, नांदूर नाक्यापुढे उसाच्या ट्रॉलीमागे रांगायचं, चांदोरीपर्यंत अंगावर येणाऱ्या प्रत्येक एसटीला मनोमन हात जोडायचे आणि डिकीला बांधलेली सायकल अजून जागेवर आहे ना, हे आरशात बघत राहायचं. एवढं सोसलं की निफाड तालुक्यात पाटाच्या कडेने तो रस्ता लागतो. मुरमाचा, सरळ, सावलीचा आणि रिकामा. रिकामा हे माझं त्या दिवशी सकाळी साडेसहापर्यंतचं मत.

नाशिकला सायकलचं वेड नवं नाही. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केली, तेव्हापासून इथल्या दर सोसायटीत हेल्मेट घातलेले एक-दोन काका सापडतात. आमच्या सोसायटीतला काका मी. आमचा गट रविवारी त्र्यंबकला नाश्ता करून येतो. मी सातपूर ओलांडेपर्यंत मंडळी परतीच्या वाटेवर भेटतात आणि ‘मस्त चाललंय काका!’ असं ओरडून जातात. ओरडणाऱ्यांपैकी एक गृहस्थ माझ्याहून वयाने मोठे आहेत. तेव्हा जिथे आपली धाप बघायला कोणीही नाही असा रस्ता मला हवा होता. ग्रॅव्हल सायकलिंगची ओढ लागण्यामागे निसर्गप्रेम वगैरे होतं, असं मी घरी सांगितलंय.

खडी-मुरमावर सायकल पळवायचा हा प्रकार अमेरिकेत फोफावला. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ पासून दोनशे मैलांची शर्यत भरते. २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धासुद्धा झाली. आपल्याकडे दूधवाले आणि पोस्टमन हेच काम बिनशर्यतीचं करत आले, पण त्यांच्या सायकलला कार्बनचा फोर्क नव्हता. माझ्या सायकलला आहे. हँडल शर्यतीच्या सायकलीचं, खाली वळलेलं. टायर बेचाळीस मिलिमीटर जाड. आत ट्यूब नाही, पांढरं पातळ सीलंट असतं. काटा घुसला की ते भोकाकडे धावतं आणि आपोआप भोक बुजवतं. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, घंटी नाही. या सगळ्या नसलेल्या वस्तूंचे पैसे मात्र दुकानदाराने लावलेले आहेत.

जागा निवडली होती नांदूरमध्यमेश्वरची. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे. त्यातून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघून कोपरगाव-राहात्याच्या अंगाला जातात. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, पात्र उथळ झालं, मधे बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात हे नुकसान. पाखरांना मात्र आयते एनए प्लॉट मिळाले. १९८६ साली अभयारण्य जाहीर झालं आणि २०२० च्या जानेवारीत रामसर यादीत नाव आलं, महाराष्ट्रातलं पहिलंच. हौशी लोक याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात.

मी गेलो तो जानेवारी होता. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा हिवाळ्यात पेपरच्या पहिल्या पानावर येतो. चहा पीत वाचताना निफाडची ती थंडी फार छान वाटते. गादी शिवलेल्या तंग चड्डीत ती मांडीला चावते.

पहिली दखल टिटवीने घेतली. डोक्यावर घिरट्या घालत तिने पंचक्रोशीला माझी वर्दी दिली, आणि पुढचा अर्धा किलोमीटर ती देतच राहिली. पुढे पाण्याकाठी चार-पाच जण हातभर लांब लेन्सा लावून गुडघ्यांवर बसलेले दिसले. आता, माझ्या सायकलचं फ्रीव्हील महागातलं आहे. महागातलं म्हणजे पायडल मारायचं थांबवलं की ते जोरात करकरतं. शौकीन मंडळी त्या करकरीसाठी जास्तीचे पैसे मोजतात. फोटोवाल्यांचा मान राखावा म्हणून मी पाय थांबवले.

समोर हळदी-कुंकू बदकांचा घोळका होता. काळ्या चोचीचं टोक पिवळंजर्द आणि चोचीच्या मुळाशी दोन तांबडे ठिपके, इतकं स्पष्ट मी प्रथमच बघत होतो. बघतोय तोवर घोळका उठला. त्याच्यामागे चक्रवाक उठले, शेकाटे उठले. वारकऱ्यांना एकदम उडता येत नाही, ते पाण्यावर पाय आपटत लांबवर धावत गेले आणि मग उठले. शेवटी एक जांभळी पाणकोंबडी उरली. तिने शेपटी दोनदा उडवून माझ्याविषयीचं मत नोंदवलं आणि ती पाणकणसात शिरली. पाणी मोकळं झालं. फोटोवाल्यांपैकी एकाने लेन्स खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, “काका, झालं?”

तिथून मी पाटाच्या रस्त्याला लागलो. वाहन खरोखर एकही नव्हतं. पण वाहन नसलं की माणसांना बघायला सवड मिळते, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. हायवेवर कोणी कोणाकडे बघत नाही. इथे जो तो थांबून बघत होता. पाटावर धुणं धुणाऱ्या बायकांचे पिळे हातातच राहिले. एका आजींनी माझी चड्डी आपादमस्तक न्याहाळली आणि शेजारच्या सुनेला म्हणाल्या, “तू बघू नको गं.”

मग मेंढ्या आल्या. रस्ताभर. हॉर्न नाही, घंटी नाही, म्हणून मी “अहो” म्हणालो. मेंढ्यांवर ‘अहो’चा काही परिणाम होत नाही. धनगर निवांत पुढे आला, सायकलभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, “केवढ्याला पडली?”

खरी किंमत सांगायची माझी हिंमत नव्हती. त्या पैशांत त्याचा निम्मा कळप आला असता. “पंधरा हजार,” मी म्हणालो. त्याने फेट्यावरून हात फिरवला आणि गप्प झाला. पुढच्या मळ्यात द्राक्षाला पाणी देणाऱ्या बाबांनी तेच विचारलं. त्यांना आठ हजार सांगितले. “आठ हजारांत स्टँड पण नाही दिला?” असं म्हणून त्यांनी फार हळहळ व्यक्त केली. त्यानंतर मी सरळ सांगू लागलो, की भाच्याची जुनी होती, त्याने दिली. यावर सगळ्यांचं समाधान होत होतं.

त्या बाबांनीच पुढची खबर दिली. “म्होरल्या उसाकडून जरा बेतानं जा. बिबट्या हाये.”

“बेतानं म्हणजे हळू की जोरात?”

बाबांनी माझ्या पोटाकडे बघितलं. “त्याला दोन्ही चालतंय.”

गोदाकाठच्या उसात बिबटे राहतात, पिल्लं वाढवतात, ही थट्टा नाही. तिथली माणसं रात्री पाणी धरायला जाताना काठी-बॅटरी आणि सोबत घेऊन जातात. मी उसाचा तो तुकडा ज्या वेगाने पार केला तो वेग मोबाइलमध्ये नोंदलेला आहे. आमच्या गटात त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मोबाइल तेव्हा मोटारीत होता, असं त्यांचं म्हणणं.

ऊस संपला आणि मुरूमही संपला. पाटाला आवर्तन सुटलेलं होतं, पाणी काठोकाठ होतं आणि एका ठिकाणी भराव पाझरत होता. पुढे पन्नास-साठ पावलं नुसती काळी माती. काळी माती ओली झाली की फुगते, चिकटते, वाटेतलं गवत आणि काड्या गोळा करते आणि हा सगळा ऐवज चाकावर थापत जाते. बेचाळीस मिलिमीटरचं टायर बघता बघता ट्रॅक्टरच्या पुढच्या टायराएवढं झालं आणि फोर्कमध्ये रुतून थांबलं. चाक थांबलं तरी मी थोडा पुढे गेलो. उठून सायकल खांद्यावर घेतली. हलकी म्हणून घेतलेली सायकल मातीसकट घरच्या सिलिंडरपेक्षा कमी नव्हती. बुटांच्या तळाला लोखंडी पट्ट्या, त्यात चिखल भरलेला. एक पाय उचलला की दुसरा आत जायचा. पाटाच्या पलीकडच्या काठाला म्हशी बसल्या होत्या. त्या रवंथ करायच्या थांबल्या.

कोरड्यावर आल्यावर काडीने माती उकरायला घेतली. ब्रेकमधून, चेनमधून, फोर्कच्या खाचेतून. हात धुवायचे म्हणून सायकल क्षणभर टेकवली. स्टँड नाही, म्हणून झाडाला टेकवली. झाड वेड्या बाभळीचं होतं.

मुरूम, खडी, सराटे यांतून सुखरूप आलेल्या टायरमध्ये उभ्या जागी काटा गेला, तोही बाजूच्या भिंतीत. सीलंटची सगळी करामत टायरच्या तळाला. बाजूची पातळ भिंत फाटली तर ते बहुधा बुजत नाही, नुसतं उडतं. पांढरी चिळकांडी माझ्या चष्म्यावर आली. कुठून तरी एक पोरगं उगवलं आणि मळ्याकडे तोंड करून ओरडलं, “आण्णा, या काकाच्या टायरातून दूध निघतंय!”

अण्णा आले, अण्णांचे शेजारी आले, मगाचचे बाबाही आले. दुधाची चिकट नासाडी सगळ्यांनी बोट लावून तपासली. माझ्याकडे जादा ट्यूब होती, ती बसवण्यात चौघांचे हात लागले. हातपंप मोटारीत होता, कारण वजन वाचवायचं होतं. वजन सायकलचं, माझ्या वजनाचा विषय तेव्हा निघाला नव्हता. पोरगं पळत जाऊन घरचा पंप घेऊन आलं. उत्तम चालता, दणकट, पायाने धरायचा पंप. पण माझ्या ट्यूबचा व्हॉल्व्ह परदेशी पद्धतीचा, बारीक नळीचा. पंपाच्या तोंडात तो बसेना. अण्णांनी चिंधी गुंडाळून बघितली, शेजाऱ्यांनी दोरा गुंडाळून बघितला. हवा सगळीकडे गेली, ट्यूब सोडून.

शेवटी द्राक्षाचे रिकामे क्रेट घेऊन निघालेल्या छोट्या हत्तीत सायकल आडवी टाकली आणि मी क्रेटवर बसलो. अण्णांनी चहाशिवाय सोडलं नाही. द्राक्षाचा एक घड वर दिला. ड्रायव्हरने आरशातून विचारलं, “केवढ्याला पडली?”

“भाच्याने दिली.”

तो जरा वेळ विचार करत होता. “भाचा रागावलाय का तुमच्यावर?”

रस्ता सुंदर आहे, यात वाद नाही, जरूर जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाखरं भरपूर असतात. पाण्याजवळ उतरून सायकल हातात धरून चाला, फोटोवाल्यांचे तळतळाट घेऊ नका. निघण्याआधी पाटकऱ्याला विचारा, आवर्तन सुटलंय का म्हणून. सुटलं असेल तर डांबरी बरी. सायकलला स्टँड बसवून घ्या, गटातले हसले तर हसू द्या. आणि बारीक व्हॉल्व्हला साधा पंप लागावा म्हणून पितळेचं बोटाच्या पेराएवढं अडॅप्टर मिळतं, ते खिशात ठेवा. चाळीस-पन्नास रुपयांना येतं. कोणी विचारलं तर किंमत खरी सांगता येते.